कष्टाच्या घरचा जमाखर्च

(सोलापुरातील एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात ठेवी किती वाढल्या, थकबाकी किती उतरली, लाभांश किती मिळणार याची चर्चा होते आणि ती व्हायलाही हवी. परंतु पतसंस्थेच्या दप्तरात आणखी एक गोष्ट नोंदलेली असते, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. कर्जाच्या अर्जावर ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो. एके काळी त्या रकान्यात यंत्रमाग खरेदी, घरदुरुस्ती, मुलीचे लग्न अशी कारणे लिहिली जात. आज कोणत्याही पतसंस्थेत जाऊन पाहा. मुलांची फी, दवाखान्याचे बिल, घरभाड्याची अनामत, आधीच्या कर्जाची फेड, अशी कारणे तिथे अधिकाधिक दिसू लागली आहेत. पहिल्या प्रकारचे कर्ज माणूस काही उभे करण्यासाठी घेतो, दुसऱ्या प्रकारचे कर्ज महिना कसाबसा पार पाडण्यासाठी.

ही कर्जे मागणारी माणसे आळशी नसतात. बहुतेक घरांत नवरा-बायको दोघेही राबतात. कोणी यंत्रमागावर आहे, कोणी दुकानात मदतनीस आहे, कोणी रिक्षा चालवतो, कोणी विड्या वळते, कोणी चार घरची धुणीभांडी करते. पूर्ण दिवस राबणाऱ्या या घराला महिना का पुरत नाही, या एकाच प्रश्नाचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

भाव उतरले, घर का सावरले नाही?

या प्रश्नाचे तयार उत्तर ‘महागाई’ असे असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के होता आणि खाद्यपदार्थांच्या महागाईचा दर १०.८७ टक्क्यांवर गेला होता. कांदा, टोमॅटो, तेल यांच्या भावांनी त्या दिवाळीत घरोघरी काय केले ते आपल्याला आठवत असेल. बरोबर एक वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, हाच किरकोळ महागाईचा दर केवळ ०.२५ टक्के झाला. खाद्यपदार्थ तर आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी स्वस्त झाले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा करात कपात झाली. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल अशा रोजच्या वस्तूंवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

हे आकडे खरे आहेत आणि त्यांचे स्वागत केले पाहिजे. मग भाज्या स्वस्त झाल्या त्या वर्षी कष्टकऱ्याच्या घरात काही पैसे शिल्लक का पडले नाहीत? बाजारात भाजी घेणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारा, ती दोन वाक्यांत सांगेल. भाजीचा भाव चढतो तसा उतरतोही. घरभाडे, शाळेची फी आणि औषधाचे दुकान मात्र एकदा वर चढले की खाली उतरत नाही.

ताटाबाहेरचा खर्च

तिचे हे म्हणणे सरकारी आकड्यांतही उमटलेले आहे. औद्योगिक कामगारांसाठी केंद्र सरकारचा श्रम विभाग ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. त्यासाठी देशभर जी केंद्रे निवडली आहेत, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्यासोबत आपले सोलापूरही आहे. कामगाराच्या शंभर रुपयांच्या खर्चात कोणत्या गोष्टीला किती वाटा, हे या निर्देशांकासाठी ठरवावे लागते. २००१ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या मालिकेत अन्न व पेये यांचा वाटा ४६.२० होता. २०१६ च्या नव्या मालिकेत तो ३९.१७ झाला. घराचा वाटा १५.२७ वरून १६.८७ वर गेला. शिक्षण, औषधोपचार, प्रवास, दूरध्वनी इत्यादी ‘संकीर्ण’ खर्चाचा वाटा २३.२६ वरून ३०.३१ झाला.

अन्नावरचा वाटा घटणे हे अर्थशास्त्रात सुबत्तेचे लक्षण मानतात. माणसाचे उत्पन्न वाढले की पोट भरून उरलेला पैसा तो इतर गोष्टींसाठी खर्च करतो, असे त्यामागचे गृहीत आहे. अनेक घरांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु सगळ्याच घरांना हे गृहीत लागू पडत नाही. भाडे थकले तर घरमालक सामान बाहेर काढतो, विजेचे बिल थकले तर जोडणी तुटते, फी थकली तर मुलाला वर्गाबाहेर उभे राहावे लागते, हप्ता थकला तर वसुलीवाला दारात येऊन बसतो. वरणात डाळ कमी पडली तर मात्र कोणीही दारात येत नाही. म्हणून काटकसर सर्वांत आधी ताटात होते. ती कोणाला दिसत नाही आणि तिची नोंद कोठेही होत नाही.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. हा कोणा एका घराचा नाही, पण आपल्यापैकी अनेकांना तो ओळखीचा वाटेल. समजा, नवऱ्याला महिना बारा हजार रुपये मिळतात आणि बायको पाच हजार मिळवते. घरात नवरा-बायको, दोन मुले आणि सासूबाई अशी पाच माणसे आहेत. सतरा हजारांतून भाडे साडेतीन हजार, वीज सातशे, गॅस नऊशे, मुलांची फी व शिकवणी दोन हजार, कामावर जाण्यायेण्याचे दीड हजार, दूरध्वनी पाचशे, सासूबाईंची रक्तदाब-मधुमेहाची औषधे बाराशे आणि कर्जाचा हप्ता अडीच हजार. बेरीज झाली बारा हजार आठशे. शिल्लक राहिले चार हजार दोनशे. पाच माणसे, तीस दिवस. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचे अठ्ठावीस रुपये येतात. त्यातच ज्वारी, डाळ, तेल, भाजी, दूध, चहा-साखर आणि पाहुण्यांचा पाहुणचार. यात कपडे नाहीत, सण नाही, गावाकडचे लग्नकार्य नाही आणि आजारपणात बुडालेला रोजही नाही.

शिवाय हातात पैसा थोडा असला की वस्तूही महाग पडते. पंधरा किलोचा तेलाचा डबा घेणाऱ्याला जो भाव मिळतो, तो रोज दहा-वीस रुपयांचे तेल नेणाऱ्याला मिळत नाही. उधारीच्या वहीवर माल घेणाऱ्याला भावाची घासाघीस करता येत नाही.

मजुरीचा हिशेब काय सांगतो?

आता प्रश्न असा की, मजुरी ठरवताना या घराचा हिशेब कोणी मांडतो की नाही? मांडतो, आणि फार जुन्या काळापासून मांडला गेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या शेतावर राबणाऱ्यांना त्यांच्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या मानाने धान्य द्यावे आणि त्याशिवाय महिन्याला सव्वा पण रोख द्यावा, असे सांगितले आहे. मजुरी ठरवताना माणसामागचे घर मोजावे, हा विचार आपल्याला परका नाही.

स्वतंत्र भारतात तो राज्यघटनेत आला. घटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगारांना निर्वाह वेतन मिळावे आणि त्यांना सुसह्य जीवनमान लाभावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. १९४८ साली वाजवी वेतन समितीने किमान, वाजवी आणि निर्वाह अशा वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. किमान वेतन ही सर्वांत खालची पायरी आणि निर्वाह वेतन हे गाठावयाचे ठिकाण, अशी ती कल्पना होती. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतनाचे सूत्र ठरले. एका मिळवत्या माणसामागे तीन उपभोग-एकके, प्रत्येकी २७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक वसाहतीच्या दराने भाडे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ गोष्टींसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के, असे ते सूत्र आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्न यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घालण्यास सांगितले.

१९५७ च्या सूत्रातील दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो. पहिली गोष्ट अशी की, हे वेतन एकट्या कमावत्याच्या कमाईतून घर चालावे या हिशेबाने ठरवलेले आहे. पत्नीची आणि मुलांची कमाई त्यात धरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आज दोघे राबूनही भागत नाही. म्हणजे आपण त्या जुन्या रेषेच्या किती खाली उभे आहोत, ते ज्याचे त्याने पाहावे. दुसरी गोष्ट अशी की, ही तीन एकके म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले. त्यात आई-वडील नाहीत. आपण कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो, वृद्धांना घरात सन्मानाने सांभाळावे असे सांगतो; पण ज्या वेतनातून त्यांना सांभाळायचे, त्याच्या मोजमापात त्यांचे ताटच मांडलेले नाही. खुद्द म्हाताऱ्यांच्या हाती तरी काय असते? कर्मचारी पेन्शन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरले. त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली, तरी ते तेवढेच राहिले. आणि ही योजनासुद्धा ज्याची भविष्य निर्वाह निधीत नोंद आहे त्याच्यासाठी. विडीच्या पाट्यावर किंवा किराणा दुकानात आयुष्य घालवणाऱ्या कितीतरी जणांना तीही नाही.

सूत्र आणि व्यवहार यांतील अंतर किती, याचेही एक उदाहरण देतो. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने जानेवारी २०१९ मध्ये अहवाल दिला. अनुप सत्पथी हे तिचे अध्यक्ष होते. जुलै २०१८ च्या भावांनुसार देशासाठी दिवसाला ३७५ रुपये, म्हणजे महिन्याच्या २६ दिवसांचे ९७५० रुपये, एवढे किमान वेतन असावे, अशी शिफारस या समितीने केली. शहरांत घरभाड्यासाठी महिना १४३० रुपयांपर्यंत वेगळा भत्ताही सुचवला. त्याच वर्षी राष्ट्रीय तळवेतन १७६ रुपयांवरून १७८ रुपये झाले. वाढ दोन रुपयांची! राज्यांचे दर त्याहून बरे असू शकतात, हे मान्य. पण तळच इतका खाली असेल, तर त्यावर उभे राहणारे घर कितीसे उंच होणार?

घरभाड्याचेच पाहा. वेतन संहितेच्या केंद्रीय नियमांचा जो मसुदा २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात घरभाडे हे अन्न-वस्त्राच्या खर्चाच्या १० टक्के धरले होते. अन्न-वस्त्राला आठ हजार लागतात असे मानले, तर भाडे झाले आठशे रुपये. या सभागृहात ज्यांच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, त्यांनी मनातल्या मनात विचार करावा की, आठशे रुपयांत आपण कोणाला किल्ली देऊ का? वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तळवेतनाला आता कायद्याचे बळ मिळाले आहे. म्हणून हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला जावा, अशी मागणी करण्याची हीच वेळ आहे.

विड्या वळणारे हात

सोलापूरने एक काळ पाहिला आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवत असे. गिरणी कामगार श्रीमंत नव्हता, पण त्याचा पगार ठरलेल्या तारखेला होई, फंड कापला जाई, दिवाळीला बोनस असे. गिरण्या बंद पडल्या आणि काम यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये गेले, घराच्या ओसरीवर गेले. कामाचे तास राहिले, पण त्याभोवतीचा आधार विरळ झाला.

विडी कामगार भगिनींकडे पाहा. तेंदूपत्ता भिजवायचा, साच्याच्या मापाने कात्रीने कापायचा, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा आणि मोजून कारखान्यात द्यायचे. मजुरी हजारावर मिळते आणि हजार विड्या वळता वळता दिवस मावळतो. पान खराब निघाले, विडी नापास झाली, तर अनेकदा त्याची झळ तिलाच बसते. हे करता करता स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची शुश्रूषा. घराचा जमाखर्च जुळवण्याचे काम शेवटी तिच्याकडेच येते, आणि तो जुळला नाही की सर्वांत शेवटी जेवणारीही तीच असते. विडीच्या व्यवसायाला पुढे किती काळ भवितव्य आहे, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु एक व्यवसाय मावळताना त्यातल्या हातांना दुसरे काम शिकवण्याची जबाबदारी कोणी तरी घेतली पाहिजे.

मदत आणि मजुरी

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जानेवारी २०२३ पासून सुमारे ८१ कोटी लोकांसाठी रेशनचे धान्य मोफत झाले. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने लाखो चुलींचा धूर थांबवला. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये महिलांच्या खात्यात जमा होऊ लागले, आणि त्या पैशांतून मुलीची फी भरणाऱ्या माता आपण पाहिल्या आहेत. आपल्या शहराजवळ कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहत आहे. त्यातील पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ज्या घराचे भाडे थांबते, त्या घरात काय बदल होतो, हे पाहायचे असेल तर तिथे जाऊन पाहावे.

तरीही या साऱ्यांच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळतो. आपल्या ताटातली ज्वारी, डाळ आणि तेल बाजारातूनच आणावे लागते. आयुष्मान भारत योजनेने रुग्णालयात दाखल झालेल्याचा मोठा खर्च उचलला. पण रोजची गोळी, दर तीन महिन्यांची तपासणी आणि बुडालेला रोज घरालाच सोसावा लागतो. घर शहराबाहेर मिळाले की भाडे वाचते आणि कामावर जाण्याचा खर्च वाढतो. मदत ही पडणाऱ्याला हात देण्यासाठी असते. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला दरमहा मदतीवाचून उभेच राहता येत नसेल, तर दोष त्याच्या पायांत नाही, त्याच्या मजुरीत आहे.

ही तूट आज कर्जाने भरली जाते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्म कर्जांसाठी नियम केला की, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सर्व कर्जांचे हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावेत. नियम संरक्षणासाठी आहे. पण अर्धे उत्पन्न हप्त्यात जाणे ही मर्यादा ठरवावी लागते, यातच परिस्थिती किती ताणलेली आहे ते कळते.

आपल्या हातातले काम

सरकारकडे मागण्या करणे हे एक काम झाले. दुसरे काम आपल्या हातातले आहे, आणि मी आज त्यासाठीच आलो आहे. या सभागृहात कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. बहुतेकांच्या हाताखाली कोणी ना कोणी काम करते. लहान मालकाच्या अडचणी मला ठाऊक आहेत. सुताचे भाव, विजेचे दर, उधारीवर माल नेणारा व्यापारी, या सगळ्यांत तोही भरडला जातो. म्हणून अशक्य काही मागत नाही. चारच गोष्टी मागतो.

पहिली, पगाराची तारीख पाळा. सात तारखेचा पगार वीस तारखेला झाला की मधल्या तेरा दिवसांचे व्याज कामगार भरतो. दुसरी, दर वर्षी ठरलेल्या महिन्यात पगार वाढवा; वाढ मागण्यासाठी माणसाला दारात उभे करू नका. हे घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही लागू आहे. तिसरी, आपल्याकडे काम करणाऱ्याची भविष्य निर्वाह निधी, ई-श्रम, आरोग्य योजना यांत नोंद झाली आहे का, ते स्वतः पाहा; नसेल तर त्याच्यासोबत जाऊन करून द्या. चौथी मागणी या संस्थेकडे आहे. जूनमध्ये शाळा उघडताना सावकार आणि वसुलीवाले तेजीत असतात. त्या महिन्यात वह्या-पुस्तके व फीसाठी अल्प व्याजाचे छोटे कर्ज आणि वर्षभर त्यासाठी आठवड्याला थोडी थोडी बचत, अशी योजना संस्थेने सुरू करावी. जमल्यास सभासदांसाठी डाळ, तेल, ज्वारी घाऊक भावात एकत्र खरेदी करावी. सहकाराचा जन्मच मुळी एकट्याला न परवडणारे चौघांना परवडावे यासाठी झाला.

आणि एक घरचा अभ्यास देतो. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. आपल्याकडे काम करणाऱ्या एका माणसाचा पगार त्यावर वर लिहा. खाली भाडे, वीज, गॅस, फी, औषधे, प्रवास आणि पाच जणांचे जेवण असे रकाने पाडा. रकमा अंदाजाने लिहू नका. त्यालाच विचारा, आणि त्याच्या घरात कोण कोण आहे तेही विचारा. मग बेरीज करा. जी तूट निघेल, तीच त्याच्या घरातल्या कोणाच्या तरी ताटातून भरली जाते. पुढच्या महिन्याचा पगार ठरवताना तो कागद समोर असू द्या.